कापसाच्या मुलखासाठी ब्लूज

दिवाळीच्या सुमारास वाशीम जिल्ह्यात सीतादहीची पूजा होऊन कापसाच्या वेचणीला हात लागलेला असतो. त्याच कापसाने एका संगीताला जन्म दिला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव कडाडले. पुढे कारंज्यावरून धावलेली मूर्तिजापूर-यवतमाळ ‘शकुंतला’ रेल्वे आली तीही कापूस वाहण्यासाठीच. युद्धानंतर मिसिसिपीकाठचे गुलाम कागदोपत्री मोकळे झाले, पण जमीन मालकाचीच राहिली. ती बटईने कसायची, बियाणं-किराणा त्याच्याच दुकानातून उधार आणायचा आणि हंगामाच्या हिशेबात बहुतेकदा देणंच निघायचं. या लोकांच्या गाण्यातून ब्लूज घडलं. मडी वॉटर्स हा स्टोव्हल नावाच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला, पुढे हाती इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि त्या गजबजाटातून रॉकची वाट मोकळी झाली. म्हणून हे संगीत मोठ्या शहरातल्या इंग्रजी शाळांच्या पोरांसाठीच आहे, असं मी मानत नाही.

ऐकायलाही ते अवघड नाही. ब्लूजचं नेहमीचं आवर्तन बारा बारचं, म्हणजे तालाच्या बारा खंडांचं, असतं आणि त्याला तीन कॉर्ड पुरतात. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. गळा कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या जागेवर रेंगाळतो. गिटारवर ती जागा काढताना वादक तार नुसती दाबत नाही, तर दाबलेल्या बोटाने पट्टीवर आडवी ढकलतो. तार ताणली जाते आणि स्वर हळूहळू वर सरकतो. सतारीची मींडही तार अशीच ओढून निघते, त्यामुळे आपला कान आधीच तयार आहे.

सुरुवात मुंबईच्या वॉरन मेंडोन्सापासून करावी. ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ या नावाने तो बहुतांशी निव्वळ वादनाचे अल्बम काढतो, म्हणजे इंग्रजी शब्दांची अडचणच नाही. २००९ च्या ‘द न्यू अल्बम’मधलं ‘ओड टू अ सनी डे’ आधी ऐका आणि मग २०१७ चा ‘द लास्ट ॲनालॉग जनरेशन’ अख्खा, मध्ये न थांबता. हा माणूस भराभर बोटं फिरवून दिपवायला जात नाही. एक स्वर लावतो, त्याला पुरतं वाजू देतो आणि तो विरल्यावरच पुढचा घेतो. आजच्या भारतीय गिटारवादकांत असा संयम मला दुसऱ्या कुणाकडे आढळला नाही.

गायलेलं ब्लूज हवं असेल तर शिलाँगचे ‘सोलमेट’ आहेत. २००३ मध्ये रूडी वॉलांग आणि टिप्रिती खारबांगर यांनी हा बँड उभा केला. २००९ चा ‘मूव्हिंग ऑन’ ऐकताना टिप्रितीच्या आवाजातली खरखर लक्षात ठेवा. ती रियाझाने घासून काढलेली नाही, आणि ब्लूजला तशीच हवी.

ब्लूजच्या पलीकडे, अलीकडच्या अल्बमांपैकी दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ या बँडने २०२२ मध्ये ‘रक्षक’ स्वतःच प्रसिद्ध केला. त्यात कर्कश मेटल गिटारच्या जोडीला ढोल आहे. तो मोठ्या आवाजात ऐकायचा, घरच्यांची परवानगी घेऊन. दिल्लीच्याच ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’चा २०२४ चा ‘बीटा’ मात्र रात्रीसाठी आहे. ‘इंडियन ओशन’चा ‘तू है’ २०२३ चा. त्यातला राहुल राम एकेकाळी नर्मदा बचाओ आंदोलनात होता, आणि २००० च्या ‘कंदिसा’ अल्बममधलं ‘मा रेवा’ हे गाणं नर्मदेचंच आहे.

स्वतंत्र अल्बम म्हणजे काय, ते गोव्याच्या रेमो फर्नांडिसकडून शिकावं. मुंबईच्या कंपन्यांनी दाद दिली नाही, तेव्हा त्याने शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, सगळी वाद्यं स्वतः वाजवून, ‘गोवन क्रेझी’ ध्वनिमुद्रित केला. १९८४ साली कॅसेट निघाली आणि ती दुकानादुकानांत पोचवायला तो स्कूटरवरून स्वतः हिंडला. गाणं माझं, खर्च माझा आणि विक्रीही माझीच, ही या वाटेची अट तेव्हापासून बदललेली नाही.

मराठीत ‘अभंग रिपोस्ट’सारखी मंडळी गिटार-ड्रम्सवर संतांचे अभंग गातात आणि ते मनापासून गातात. पण पराटी, बोंडअळी, सावकार आणि स्थलांतर यांवर मराठीतून गाणारा पुरा ब्लूज अल्बम अजून माझ्या कानी पडलेला नाही. पोहरादेवीच्या परिसरातल्या बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी गाणाऱ्या पोरांपैकी कुणी गिटार उचलली, तर त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असेल.

तोवर एवढं करा. यातला एखादा अल्बम आवडला तर मोबाइलवर फुकट ऐकून थांबू नका. बँडकॅम्पसारख्या संकेतस्थळावर तो मिळत असेल तर विकत घ्या. तिथे डिजिटल विक्रीतले साधारण पंधरा टक्के संकेतस्थळ ठेवतं आणि व्यवहाराचा खर्च वजा जाता उरलेले पैसे कलावंताकडे जातात. पुढचा अल्बम त्याच पैशांतून निघतो.