राजूर घाट आणि चाकातली मोटर

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालं की राजूर घाट लागतो. उतारावर इलेक्ट्रिक सायकल सुसाट सुटते. सपाटीवर मात्र एका वेगाला येऊन अडते. कारण चाकातली हब मोटर फिरताना जनित्रही बनते आणि बॅटरीविरुद्ध उलटा दाब उभा करते. दोन्ही दाब जवळ आले की करंट आटतो. 48 ऐवजी 60 व्होल्टची बॅटरी लावली, तर ही मर्यादा सव्वापट वर सरकते. पण हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते: सव्वापट वेगाला जवळपास दुप्पट वॅट! कंट्रोलरही तेवढा दाब सोसणारा हवा. परतीच्या चढावर चाक हळू, करंट जास्त. तांब्याची वेटोळी तापतात. तिथे पायडल मारून मोटरला हातभार लावावाच. आणि ताशी 25 किलोमीटरची सीमा ओलांडली, की नोंदणी आणि परवाना आलाच.