संगणकाच्या पेटीला वारा किती हवा?

पेटी मोठी घेतली की संगणक आपोआप थंड राहतो, हा समज चुकीचा आहे. ३०० वॅट वीज घेणारा संगणक ३०० वॅटच्या शेगडीइतकीच उष्णता देतो. १ किलोग्रॅम हवा १ अंश तापवायला सुमारे १००० ज्यूल लागतात. हवा आतून जाताना १० अंशच तापावी असे ठरवले, तर दर सेकंदाला ३० ग्रॅम, म्हणजे सुमारे २६ लिटर हवा वाहायला हवी. मोठ्या पेटीत मोठा, सावकाश फिरणारा पंखा बसतो, हा तिचा खरा फायदा. हवा समोरून खाली घ्यावी, मागून वर सोडावी. आत ढकलणारा पंखा थोडा जोरदार असला, की फटींतून धूळ शिरत नाही. ती जाळीवर अडते. आमच्या अलिबागच्या खाऱ्या वाऱ्यातले सूक्ष्म क्षार मात्र जाळीतूनही जातात आणि दमटपणात धातू गंजवतात. म्हणून इथे गरजेपेक्षा जास्त पंखे लावणे नुकसानीचेच!