प्लास्टर निघाले, पण गुडघा?

सोलापूरहून तुळजापूरला निघाले की साधारण निम्म्या वाटेवर तामलवाडी लागते. कोजागिरीच्या सुमारास या रस्त्यावर आईच्या दर्शनाला पायी निघालेल्या भाविकांची रीघ असते. तामलवाडीला माझ्या थोरल्या बहिणीचे घर. आमचे दाजी दरवर्षी या गर्दीत असायचे. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून घरी येताना त्यांना मागून एका जीपचा धक्का बसला. नडगीचे हाड मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले, फोटो काढला, हाड सांधले होते. "आता काही राहिले नाही," असे सांगून घरी पाठवले.

पण राहिले होते. बांध उतरताना गुडघा एकाएकी सटके. रात्रीची लाइट म्हणून उसाला पाणी द्यायला जावे, तर चिखलात पाय वळताच माणूस खाली बसे. सोयाबीन काढायला उकिडवे बसणे तर बंदच झाले. संध्याकाळी गुडघा सुजलेला.

मी म्हटले, "दाजी, पुन्हा दाखवा की कुणाला."

"काय दाखवायचं? फोटोत काय निघंना. लोक म्हणत्यात, कामचुकार झालाय."

चुलीपुढून अक्का म्हणाली, "दोन पोती एकदम उचलणारा माणूस कामाला भितो व्हय रं?" बोलता बोलता तिने सांगितले की जमीन बटईने द्यायचा विचार चाललाय. तेव्हा मात्र मी दाजींना घेऊन सोलापूर गाठले.

वाचकहो, घोटाळा त्या 'फोटोत काय निघंना' या शब्दांतच आहे. एक्स-रेमध्ये दिसते ते मुख्यतः हाड. गुडघा नुसत्या हाडांवर उभा नसतो. मांडीचे आणि नडगीचे हाड चार चिवट पट्ट्यांनी बांधलेले असते. दोन पट्ट्या दोन बाजूंना, दोन आत एकमेकींवर फुलीसारख्या. हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या. आतली पट्टी तुटली की वळताना नडगी जागची सरकते, यालाच आपण गुडघा सटकला म्हणतो. गादीचा तुकडा मध्ये आला तर गुडघा अडकून बसतो, धड वाकत नाही की सरळ होत नाही. हे डॉक्टरांना हाताने तपासून बरेचसे कळते आणि एमआरआयमध्ये दिसते. दाजींच्या गुडघ्यातली पुढची फुलीची पट्टी तुटलेली निघाली.

पण डॉक्टरांनी आधी बोट ठेवले ते मांडीवर. पाय महिनाभर हलला नाही की मांडीचा पुढचा स्नायू झपाट्याने वाळतो, आणि गुडघ्याला खरा आधार त्याचाच. हे घरी तपासता येते. पाय सरळ ठेवून वाटीच्या वर सहा बोटांवर दोन्ही मांड्यांना सुतळी गुंडाळून पाहावी. दाजींच्या दुखऱ्या मांडीला सुतळी दोन बोटे कमी लागली. अक्का बघतच राहिली!

मग व्यायाम सुरू झाला. पाय लांब करून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्यायची, ती गुडघ्याने खाली दाबून मनात दहापर्यंत मोजायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. मग उताणे पडून पाय सरळ ताठ ठेवून वीतभर उचलायचा. पंधरा दिवसांनी भिंतीला पाठ लावून थोडेसेच खाली सरकणे. करताना ओढ बसली तर चालते, पण दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर जास्त झाले असे समजावे. दाजींना हा प्रकार पोरखेळ वाटला होता. "एवढ्यानं गुडघा बरा व्हायला लागला तर दवाखाने बंद पडतील," म्हणाले. अक्काने धार काढायच्या वेळेशी व्यायामाची वेळ बांधून टाकली, म्हणून तो टिकला.

तुटलेली फुलीची पट्टी सहसा आपोआप नीट जुळत नाही, पण प्रत्येकाला ऑपरेशन लागतेच असेही नाही. तीन-चार महिने नेटाने व्यायाम करूनही गुडघा सटकत राहिला, तर दुर्बिणीतून नवी पट्टी बसवतात. गुडघ्यात दुर्बीण घालण्याची ही विद्या जपानची. टोकियोच्या डॉ. मासाकी वातानाबे यांनी 1962 साली दुर्बिणीतून फाटक्या गादीचा तुकडा काढला होता. आणि 'वाटी बदलणे' म्हणून जे बोलले जाते, ते वेगळे. 2000 साली पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा मुंबईत बदलला, ते ऑपरेशन पार झिजलेल्या गुडघ्याचे. त्यात हाडांच्या टोकांवर धातूची टोपणे बसवतात. चाळिशीतल्या दाजींना त्याची गरज नव्हती.

मात्र सटकता गुडघा तसाच ओढत नेला तर आतल्या गाद्या फाटत जातात. अशी पट्टी तुटलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना दहा-वीस वर्षांत संधिवात गाठतो. जोरजोरात चोळून घेणे आणि उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या खाणे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पट्टी चोळून जुळत नाही, आणि गोळ्यांनी पोट व मूत्रपिंड बिघडतात.

एक कागदाची गोष्टही सांगतो. दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करता येतो. 2022 पासून त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा वकिलाला लवकर गाठावे आणि दवाखान्याची प्रत्येक चिठ्ठी जपावी. 2010 साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अपंगत्वाचे टक्के म्हणजेच कमाईच्या नुकसानीचे टक्के नव्हेत, त्या माणसाचे काम कोणते हे पाहावे. बैठ्या नोकरदाराचा गुडघा आणि खुरपणी करणाऱ्याचा गुडघा सारखा कसा मोजणार?

चार महिने झाले. सुतळीचा फरक अर्ध्या बोटावर आला आहे. दाजी धार आता स्टुलावर बसून काढतात, फवारणीचा पंप अजून मुलगाच पाठीवर घेतो. चिखलात गुडघ्याचा भरवसा नाही, म्हणून रात्रीचे पाणी चुलतभाऊ पाहतो. जमीन बटईला दिली नाही.

"यंदा कोजागिरीला चालत जाणार," असे दाजींनी परवा जाहीर केले. डॉक्टरांनी तीन किलोमीटरची परवानगी दिली आहे. पुढे एस.टी.

"तीन म्हणजे जाऊन-येऊन, का नुसतं जाऊन?" दाजींनी विचारले. अक्काने उत्तर दिले नाही, टॉवेलची गुंडाळी आणून पुढ्यात टाकली.