गॉगल काळा, म्हणून डोळे सुरक्षित?

ईदची नमाज झाली, मुलांच्या हाती ईदी पडली, की तासाभरात मोहल्ल्यातल्या अर्ध्या पोरांच्या डोळ्यांवर काळे, निळे, आरशासारखे चमकणारे गॉगल दिसू लागतात. पन्नास-साठ रुपयांची हौस. आम्हीही कौतुकाने पाहतो, फोटो काढतो. दुसऱ्या दिवसापासून तोच गॉगल लावून मुलगा सायकलवर बाहेर पडतो आणि अम्मी म्हणते, "बरे झाले, उन्हापासून डोळे तरी वाचतील." आमच्या घरातही हेच म्हटले जायचे. ते किती चुकीचे होते, हे फार उशिरा कळले.

आम्ही वरठीचे. भंडारा शहराचे रेल्वे स्टेशन, म्हणजे 'भंडारा रोड', आमच्याच गावात आहे आणि सनफ्लॅगचा पोलाद कारखानाही इथेच. पाळीवर जाणारे कामगार, शाळा-कॉलेजची मुले-मुली, बाजाराला निघालेली माणसे, कितीतरी जणांची आजही सायकलच. आमच्या अब्बांची तीस वर्षे सायकलवर गेली. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, नवतपा तर अंगाची लाही करतो. अब्बा डोक्याला दुपट्टा बांधत, खिशात कांदा ठेवत, पण डोळे उघडेच. पुढे त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून मांसासारखा पातळ पडदा बुबुळाकडे सरकू लागला. लोक त्याला नाखुना म्हणतात. ऑपरेशन करावे लागले. वर्षानुवर्षे ऊन, धूळ आणि वारा खाणाऱ्यांत हा विकार जास्त दिसतो, असे डॉक्टरांनी सांगितले. मोतीबिंदू लवकर होण्यामागेही उन्हाचा हात असतो.

आठ मिनिटांचा धडा

अब्बांचे पाहून धाकट्या भावाने स्टेशनबाहेरून एक गडद काळा गॉगल घेतला. चष्म्याचा नंबर तपासायला आम्ही भंडाऱ्याला गेलो, तेव्हा चष्मेवाल्यांनी तो एका छोट्या यंत्राखाली धरला. उन्हातली न दिसणारी अतिनील किरणे त्यातून बरीचशी आरपार जात होती. मग भावाने खिशातून कामावरचा साधा, पांढऱ्या काचेचा सुरक्षा गॉगल काढला. त्यातून जवळजवळ काहीच जात नव्हते! आम्ही चकित झालो. सगळे मिळून आठ मिनिटेही लागली नसतील, पण आमचा तीस वर्षांचा समज मोडला.

कारण साधे आहे. काचेचा रंग फक्त लखलखाट कमी करतो. अतिनील किरणे अडवणे हा काचेच्या पदार्थाचा किंवा तिच्यावरील थराचा गुण आहे. सुरक्षा गॉगल पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकचे असतात. हे प्लास्टिक रंग नसतानाही ही किरणे अडवते आणि खडा लागला तरी काचेसारखे फुटून डोळ्यात जात नाही. उलट नुसत्या काळ्या काचेमागे अंधार होतो, बाहुली मोठी होते आणि किरणांना दार अधिकच उघडे मिळते. म्हणजे असा गॉगल काही न लावण्यापेक्षाही वाईट ठरू शकतो.

लहान मुलांच्या बाबतीत तर जास्तच जपावे. त्यांच्या डोळ्यातील भिंग अधिक नितळ असल्यामुळे मोठ्यांपेक्षा जास्त किरणे आत पोहोचतात.

दुकानात काय पाहावे?

काडीवर किंवा चिठ्ठीवर 'यूव्ही ४००' लिहिले आहे का, ते आधी पाहावे. याचा अर्थ, ४०० नॅनोमीटरपर्यंतची किरणे अडवली जातात. पण स्टिकर कोणीही चिकटवू शकतो. म्हणून शक्य असेल तर चष्मेवाल्याकडून यंत्रावर तपासून घ्यावे.

काही गॉगलांवर गडदपणाचा ० ते ४ असा क्रमांक असतो. दिवसाच्या सायकलसाठी २ किंवा ३ पुरे. ४ क्रमांकाची काच रस्त्यावर वाहन चालवण्यासाठी नसतेच. तशी काच लावून उन्हातून एकदम झाडांच्या सावलीत शिरले, की समोरचा खड्डा दिसत नाही. राखाडी किंवा तपकिरी रंग बरा. राखाडीत रंग खरे दिसतात, तपकिरीत रस्त्याचा उंचसखलपणा नीट कळतो.

'पोलराइज्ड' म्हटले की किंमत वाढते. त्याने डांबरावरची आणि पाण्यावरची चमक कमी होते, डोळ्यांना आराम वाटतो. पण ते अतिनील किरणांपासूनचे संरक्षण नव्हे. पैसे मोजके असतील तर हे सोडून द्यावे.

आकारही महत्त्वाचा. सायकलवर वारा आणि ट्रकची धूळ बाजूने येते. म्हणून कानशिलापर्यंत वळलेला, हलका, खाली वाकले तरी न घसरणारा गॉगल घ्यावा. नंबरचा चष्मा असेल तर त्यावरून घालायचे मोठे गॉगल मिळतात.

आमच्यासारख्या घरांसाठी सर्वांत स्वस्त वाट म्हणजे सुरक्षा साहित्याचे किंवा हार्डवेअरचे दुकान. पॉलिकार्बोनेटचा सुरक्षा गॉगल शे-दोनशे रुपयांत मिळतो. एक राखाडी दिवसासाठी, एक पांढरा संध्याकाळसाठी. वेल्डिंगचा काळा गॉगल मात्र सायकलवर मुळीच चालणार नाही.

मुलींसाठी दोन शब्द

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून गरजू शाळकरी मुलींना सायकली दिल्या जातात, आपल्याही मुली हौसेने सायकल चालवतात. ओढणी किंवा नकाब बांधून गॉगल लावला, की श्वासाची वाफ वर येऊन काच धुरकटते. यासाठी काच गालाला अगदी चिकटलेली नको, कडेला हवेची फट हवी. नकाब नाकावर नीट बसवावा. सरळ, पातळ काड्या असतील तर त्या कापडाखाली सहज सरकतात.

मगरिबनंतर काळा गॉगल उतरवावा. पावसाळ्यात दिव्यांभोवती किडे घोंघावतात, तेव्हा पांढरी काचच कामी येते. डोळ्यात काही गेलेच तर चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावे. लोखंडाचा कण रुतला असेल तर तो घरी काढण्याचा प्रयत्न न करता डॉक्टरांकडे जावे.

काच सदऱ्याच्या टोकाने कोरडी पुसली तर धुळीचे चरे पडतात. आधी पाण्याने धुवावी, मग मऊ सुती कापडाने टिपावी. आणि कितीही चांगला गॉगल असला तरी टोपी किंवा दुपट्टा सोडू नये. वरून येणारे ऊन तोच अडवतो.

भावाचा तो काळा गॉगल आम्ही फेकून दिला. आता तो पहिल्या पाळीला पांढरा गॉगल लावून निघतो आणि दुपारी राखाडी लावून परततो. येत्या ईदला मुलांची हौस मोडायची नाही, असे आम्ही ठरवले आहे. फक्त ईदीत थोडे पैसे घालून गॉगल आम्हीच निवडून देणार आहोत. अब्बांनी तर आतापासूनच सांगून ठेवले आहे, "पोरांचा गॉगल आधी त्या यंत्राखाली धरा, मगच पैसे द्या."