वाळवलेला भोपळा आणि चालून आलेली संधी

आपल्या बाजारपेठेत एक वाक्य नेहमी कानी पडते. "भाई, आम्हाला कधी चान्सच मिळाला नाही." कापड दुकानदार म्हणतो, शिंपी म्हणतो, वेल्डिंगवाला म्हणतो. या तक्रारीत तथ्य नाही असे नाही. भांडवल अपुरे असते, ओळखी नसतात, बँकेच्या पायऱ्या चढताना मनात धाकधूक असते. तथापि, संधी मुळीच येत नाही हे म्हणणे मात्र पटत नाही. संधी येते, दुकानाच्या उंबरठ्यावर थोडा वेळ थांबते आणि शेजारच्या दुकानात जाते, कारण त्या घटकेला आपली तयारी नसते. ही तयारी म्हणजे नेमके काय, हे उपदेशाऐवजी आपल्याच कारागिरांच्या उदाहरणाने पाहू.

मिरजेला सतारी आणि तंबोरे बनतात हे सर्वांना ठाऊक आहे. ते बनविणारी घराणी मूळची कोण, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. ही मंडळी शिकलगार. तलवारी, भाले, खंजीर घडविणे व त्यांना धार लावणे हा त्यांचा पिढीजात पेशा. इंग्रजांचा अंमल बसला, लढाया थांबल्या आणि शस्त्रांची मागणी आटली. ज्या हातांना राजदरबारी मान होता ते हात रिकामे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेत पटवर्धनांचे संस्थान होते. दरबारात गवई-वादक येत, त्यांची वाद्ये नादुरुस्त होत आणि ती दुरुस्त करणारा माणूस जवळपास नसे. हे काम फरीदसाहेब या शिकलगाराने हाती घेतले. दुरुस्ती करता करता वाद्य उलगडून पाहिले, त्याची रचना समजून घेतली आणि पुढे स्वतः वाद्य घडविले. 'सतारमेकर' हे आडनाव तेथून रुजले.

यास कोणी नशीब म्हणेल. मला तसे वाटत नाही. दरबारातील बिघडलेला तंबोरा ही संधी गावातील सर्वांसाठी सारखीच होती. पण पोलाद तासणारा, केसाएवढा फरक बोटाने ओळखणारा हात शिकलगाराकडे आधीपासून तयार होता. वाद्याच्या घोडीची जवारी काढणे, म्हणजे तारेखालचा पृष्ठभाग कानाने ऐकत ऐकत कानशीने घासणे, हे काम धार लावणाऱ्याच्या हाताला परके नव्हते. धंदा बुडाला तरी हातातील शिस्त बुडाली नव्हती.

आता या धंद्याच्या पोटातील गोष्ट पाहू, कारण आपल्या विषयाचा खरा गाभा तेथे आहे. तंबोऱ्याचा भोपळा हा भाजीचा भोपळा नव्हे. तो कडू असतो, आकाराने मोठा असतो आणि पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर या भीमाकाठच्या भागातून येतो. शेतकरी त्यास वेलावर पुरता जून होऊ देतो. त्यानंतर तो महिनोन् महिने वाळतो. ओला भोपळा वापरला तर पुढे आक्रसतो, चिरतो आणि नाद बिघडतो. लाकूड तूनचे. तेही कापून ठेवून मुरवावे लागते. अवकाळी पावसाने किंवा पुराने भोपळ्याचे पीक गेले, तर त्या वर्षी पैसे मोजूनही चांगला भोपळा मिळेल याची शाश्वती नसते.

याचा अर्थ असा की पुण्याचा, कोलकात्याचा किंवा परदेशातील एखादा गायक मिरजेत येऊन "मला दोन तंबोरे हवेत" असे म्हणतो, तेव्हा त्या तंबोऱ्याचे निम्मे काम आधीच झालेले असावे लागते. ज्याच्या माळ्यावर वाळलेले भोपळे टांगलेले आहेत आणि कोपऱ्यात मुरलेले लाकूड रचलेले आहे तोच बयाणा घेऊ शकतो. ऑर्डर आल्यावर भोपळा आणायला धावणारा ती ऑर्डर गमावतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे ओला माल वापरून नाव गमावतो. माळ्यावर भोपळे टांगण्यात पैसा अडकतो, हे खरे. गिऱ्हाईक कोण, कधी येणार, काहीच ठाऊक नसते. तरीही दरसाल माल भरून ठेवावा लागतो.

प्रत्येक धंद्यात असा एक 'भोपळा' असतो, जो आयत्या वेळी वाळवता येत नाही. सुताराला तो लाकडात दिसेल, रंगाऱ्याला नमुन्याच्या पट्ट्यांत, बेकरीवाल्याला हाताशी असलेल्या तरबेज कारागिरात. आणि आजकाल सर्वांच्याच बाबतीत तो कागदपत्रांत आहे.

या बाबतीत मी स्वतः पोळलेलो आहे. आमचे बॅगा शिवण्याचे छोटे कारखानदारीचे काम होते. एका शिक्षणसंस्थेकडून शाळेच्या दप्तरांची चांगली मोठी ऑर्डर चालून आली. नमुना पसंत पडला, दर ठरला. मग पुरवठादार म्हणून नोंदणीचा अर्ज भरण्याची वेळ आली. आधार कार्डावर माझे नाव 'शेख' ने सुरू होत होते, पॅन कार्डावर 'शेख' शेवटी होते आणि बँकेच्या पासबुकात 'शेख' च नव्हते. एका ठिकाणी 'मोहम्मद', दुसऱ्या ठिकाणी नुसते 'मो.' तिन्ही माणसे मीच, पण संगणक ते मानीना. दुरुस्तीसाठी मी आठवडाभराची मुदत मागितली. आठवड्यात काम झाले नाही आणि ऑर्डर दुसऱ्याकडे गेली. त्या कार्यालयाचा मला राग आला होता, पण दोष माझा होता. तीन कागदांवर तीन नावे आहेत हे मला दहा वर्षांपासून ठाऊक होते.

वाचक बंधूंनो, आपल्या घरोघरी ही अवस्था आहे. बायकांच्या नावांचे तर विचारूच नका, कोठे 'बी', कोठे 'बेगम', कोठे 'बानो'. तेव्हा आज रात्री दुकान बंद केल्यावर आधार, पॅन, बँक, शाळा सोडल्याचा दाखला आणि जागेचा कागद शेजारी शेजारी ठेवून नावाचे एक एक अक्षर ताडून पाहावे. आधारवरील नाव आयुष्यात साधारणतः दोनदाच बदलता येते, त्यामुळे घाईने चुकीची दुरुस्ती करू नये. आधी कोणते नाव कायम ठेवायचे ते ठरवावे. फरक मोठा असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. म्हणूनच हे काम गिऱ्हाईक दारात नसताना करायचे.

दुसरी गोष्ट उद्यम नोंदणीची. १ जुलै २०२० पासून ही पद्धत सुरू झाली. शासनाच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य होते. हजार-दोन हजार घेणारे दलाल फुकटची गोष्ट विकत असतात. या नोंदणीचा मोठा फायदा उधारीच्या बाबतीत आहे. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते करावयाचे असतात. न केल्यास राज्याच्या सुकरता परिषदेकडे दाद मागता येते. शिवाय आयकर कायद्यातील दुरुस्तीमुळे १ एप्रिल २०२४ पासून असे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करून मिळत नाही. त्यामुळे मोठ्या पेढ्याही आता पुरवठादाराकडे उद्यम प्रमाणपत्र मागू लागल्या आहेत.

पण येथेही वेळेचा मुद्दा आहे. नोंदणी माल देण्यापूर्वी झालेली असावी. पैसे अडकल्यावर धावत जाऊन केलेल्या नोंदणीवरून वाद होतात आणि असे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले आहेत. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. २०२१ पासून त्यांनाही उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती बँकांच्या अग्रक्रमी कर्जापुरती आहे. ४५ दिवसांचे हे संरक्षण वस्तू बनविणाऱ्यांना व सेवा देणाऱ्यांना आहे.

केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ पासून चालू आहे. तिच्या यादीत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. शिंपी, लोहार, सुतार, गवंडी, न्हावी, कुलूप बनविणारे हे त्यात येतात. गंमत अशी की शस्त्रे घडविणारा 'अस्त्रकार' त्या यादीत आहे, पण वाद्य घडविणारा नाही. म्हणजे शिकलगारांचा सुटलेला धंदा यादीत, धरलेला धंदा बाहेर! या योजनेत ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज आहे. व्याजामुळे आपल्यातील पुष्कळ जण तिकडे फिरकतच नाहीत. पण कर्ज घेणे त्यात ऐच्छिक आहे. प्रशिक्षण आणि १५ हजारांपर्यंतची अवजारांची मदत ही कर्जाशिवायही आहे. हे न विचारता परत फिरलेले लोक मी पाहिले आहेत.

पुन्हा मिरजेकडे वळू. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. फार आनंदाची बातमी. गावात पेढे वाटून झाले की काम संपले, असे मात्र नाही. मानांकन संस्थेच्या नावे असते. प्रत्येक कारागिराला ते वापरायचे तर 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. तिचे शुल्क पूर्वी ५०० रुपये होते, २०२० मध्ये ते १० रुपयांवर आणले गेले. दहा रुपयांत कप-दोन कप चहा येतो. पण त्या अर्जासोबत आपण हे काम करतो याचा पुरावा लागतो, आणि बिलबुक नाही, जमाखर्च नाही, काढलेले फोटो नाहीत, तर पुरावा कोठून आणणार? हाच प्रश्न पैठणीच्या विणकराला आणि कोल्हापुरी चपलेच्या कारागिरालाही पडतो, कारण ही मानांकने त्यांच्याकडेही आहेत.

येथे हिशेबाच्या शिस्तीचा विषय येतो. आपल्यापैकी पुष्कळ जण रमजानात जकात काढण्यासाठी मालाची मोजदाद करतात. शिल्लक माल, येणे, देणे, रोकड, सारे त्या दिवशी स्पष्ट होते. हा कागद जकात अदा झाली की फाडून टाकू नये. तारीख घालून वहीत लावून ठेवावा. तीन वर्षांचे असे तीन कागद एकत्र पाहिले की कोणता माल दरसाल पडून राहतो आणि कोणता आधीच संपतो, ते कोणी सांगण्याची गरज उरत नाही.

रमजानचीच गोष्ट निघाली म्हणून कापड, चपला व रेडिमेड कपड्यांच्या दुकानदारांसाठी एक हिशेब देतो. चांद्रवर्ष दरसाल सुमारे ११ दिवस आधी येते. २०२४ व २०२५ ची ईद ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी, मार्च-एप्रिलमध्ये होती. तेव्हा पातळ सुती माल चालला. आता हंगाम थंडीकडे सरकतो आहे. २०३० मध्ये तर रमजान एकाच वर्षात दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीच्या सुरुवातीस आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. म्हणजे त्या सुमारास ईदची खरेदी ऐन थंडीत होईल. लग्नसराईचा काही भाग आणि परगावी नोकरी करणाऱ्यांच्या सुट्ट्या यांचेही गणित बदलेल. सुरत, भिवंडी किंवा लुधियानाच्या घाऊक व्यापाऱ्याशी जाड कापडाचा, जॅकेटचा, पूर्ण बाह्यांच्या कुर्त्यांचा दर कोणत्या महिन्यात बोलावा, नोकरांना रजा कधी द्यावी, उधारीची वसुली कधीपर्यंत आटोपावी, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या गिऱ्हाइकाकडे पाहून ठरवावे. दिनदर्शिका मात्र आजच काढून भिंतीवर खुणा करून ठेवता येतील.