हृदयावरील शस्त्रक्रिया : कोणती आणि केव्हा?

हृदयाच्या शस्त्रक्रियेची गोष्ट निघाली, की आमच्या वाशीमकडील माणसाच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. 'छाती उघडावी लागेल काय?' हा पहिला आणि 'वावर विकावे लागेल काय?' हा दुसरा. पहिला प्रश्न भीतीचा आहे, दुसरा संसाराचा. दोन्ही खरे आहेत; म्हणून दोहोंचाही विचार आम्ही येथे करणार आहोत.

हृदय म्हणजे मुठीएवढा पंपच होय. तो मिनिटाला सुमारे ७० वेळा आकुंचन पावतो व तेवढ्या वेळात जवळजवळ ५ लिटर रक्त शरीरभर धाडतो. विहिरीवरच्या पंपाची झडप बिघडते, नळी चोंदते किंवा कोठे तरी भोक पडते. हृदयाचे पुष्कळसे बिघाड याच तीन जातींचे असतात.

प्रथम झडपेचे पाहू. लहानपणी घसा दुखतो, पुढे ताप येऊन सांधे सुजतात. काही दिवसांनी पोर खेळू लागते आणि घरची माणसे ते दुखणे विसरतात. परंतु या संधिवाती तापाने काही मुलांच्या हृदयातील झडपांच्या कडा एकमेकींस चिकटतात. पुढे दहा-वीस वर्षांनी, कित्येकदा मुलगी पहिलटकरीण असताना, तिला जिना चढवेनासा होतो, रात्री उशाला दोन उशा घ्याव्या लागतात. तेव्हा कोठे तो जुना ताप आठवतो. १९५२ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय चालू ठेवूनच अशी चिकटलेली झडप मोकळी केली. आज हेच काम अनेकदा मांडीच्या शिरेतून नेलेल्या फुग्याने होते. छाती उघडावी लागत नाही.

झडप पार निकामी असेल तर मात्र ती बहुधा बदलावी लागते. धातूची झडप पुष्कळ वर्षे टिकते, पण रक्त गोठू न देणारे औषध जन्मभर घ्यावे लागते. प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला सहसा ते औषध जन्मभर लागत नाही. पण ती झिजते व पुढे पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते. रक्त पातळ ठेवणारे नेहमीचे औषध गर्भाला अपायकारक ठरू शकते, म्हणून तरुण स्त्रीच्या बाबतीत हा निर्णय तिला विचारूनच घेतला पाहिजे. केवळ सासऱ्यांनी वा नवऱ्याने सही करून भागणार नाही.

दुसरा बिघाड भोकाचा. हा जन्मतःच असतो. काही लहान भोके आपोआप बुजतात, काही छत्रीसारख्या साधनाने शिरेतून बंद करता येतात. उरलेल्यांसाठी हृदय उघडावे लागते. तेवढा वेळ हृदयाचे व फुप्फुसांचे काम यंत्राने करावयाचे, ही किमया डॉ. जॉन गिबन यांनी १९५३ साली फिलाडेल्फियात साधली. मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. दस्तूर यांनी १९६१ साली या यंत्राच्या साहाय्याने शस्त्रक्रिया केली. येथे उशीर महागात पडतो. मोठे भोक वर्षानुवर्षे तसेच राहिले, तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांवरचा दाब कायमचा वाढतो आणि मग ते बुजविण्याची सोय उरत नाही. दूध पिताना घामाघूम होणारे, वजन न धरणारे मूल 'अंगानेच किरकोळ' म्हणून सोडून देऊ नये.

तिसरा बिघाड नळीचा. हृदयाला रक्त पुरविणारी रोहिणी चोंदली, तर पायातील शीर किंवा छातीतील रोहिणी जोडून रक्ताला दुसरी वाट काढून देतात. शेतात बुजलेल्या पाटाला वळसा घालून पाणी न्यावे, तसे. डॉ. फाव्हालोरो यांनी १९६७ साली अमेरिकेत ही पद्धत रूढ केली. १९७७ साली झुरिचमध्ये डॉ. ग्रुंट्झिग यांनी फुग्याने रोहिणी रुंद करून दाखविली. पुढे तिथे जाळीची नळी बसविणे सुरू झाले. एखाद-दुसरा अडथळा असेल तर जाळी पुरते. तिन्ही रोहिण्या चोंदल्या असतील आणि जोडीला मधुमेह असेल, तर बहुधा शस्त्रक्रियाच हिताची. पायाच्या रोहिणीचेही असेच असते. तंबाखू-बिडी ओढणाऱ्याची पोटरी चालताना भरून येते व थांबताच बरी होते. ही सूचना वेळीच ओळखली, तर पाय वाचू शकतो.

आता वावराचा प्रश्न. २०१२ साली राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ पासून तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे. हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया तिच्यात येतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत व शाळेत मुले तपासतात. म्हणून सावकाराचे दार ठोठावण्याआधी योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला गाठावे व आपला आजार तिच्यात बसतो काय, हे विचारावे.

आणि सर्वांत स्वस्त उपाय शस्त्रक्रियेच्या फार अलीकडे आहे. मुलाचा घसा दुखून ताप आला, तर डॉक्टरांना दाखवावे. संधिवाती ताप ठरलाच, तर दर तीन आठवड्यांचे पेनिसिलीनचे इंजेक्शन ते सांगतील तितकी वर्षे चुकवू नये. पेरणीच्या घाईत एखादे इंजेक्शन राहून जाते. ते राहू न देणे आपल्या हाती आहे. पुढची झडप शस्त्रवैद्यांच्या हाती.