पितळेवरचा पापुद्रा

भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. दिवाळीपूर्वी आमच्या घरी गुंड, परात, तांब्या चिंचेने घासून निघतात. चिंचेतले आम्ल जो काळपट पापुद्रा सोडवते, त्यात तांब्या-जस्ताची ऑक्साइडे असतात. आपण घरी जो पुसतो, त्याच जातीचा थर प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवतात. झिंक ऑक्साइडचा पारदर्शक थर सौरघटांत आणि वायुसंवेदकांत लागतो.

तो वाढवायच्या मुख्य वाटा तीन. पहिली, निर्वात पात्रात धातूवर आयनांचा मारा करून उडालेले अणू काचेवर बसवणे. थर सुबक, पण यंत्र महाग. दुसरी, जस्ताच्या क्षाराचे द्रावण सुमारे 400 अंश सेल्सिअसला तापवलेल्या काचेवर फवारणे. तिसरी सर्वांत साधी: काच जस्ताच्या अमोनियायुक्त द्रावणात बुडवायची, मग गरम पाण्यात. प्रत्येक फेरीत अतिशय पातळ भर पडते. जाडी फेऱ्या मोजून ठरते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे यांनी अशा रासायनिक पद्धतींवर दीर्घकाळ काम केले.

म्हणूनच निर्वातयंत्र नाही या सबबीवर आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी हात टेकू नयेत, असे मला वाटते. दोन चंचुपात्रे, एक शेगडी आणि फेऱ्या मोजण्याचा धीर, एवढ्यावर सुरुवात होते.